भावाच्या रक्ताचा रिपोर्ट

अमरावतीच्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. सगळ्यांत हलक्या हाताने काढलं ते माझ्या धाकट्या भावाचं.

तो मोर्शीला शाळेत शिकवायचा. एकदा वर्गात फळ्यापाशीच त्याला झटका आला. डॉक्टरांनी झटक्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि मेंदूत टेपवर्मची गाठ असेल म्हणून रक्ततपासणी आणि स्कॅन लिहून दिला. हा जंत डुकराच्या मांसातून येतो, एवढंच बाबांनी ऐकलेलं. बाबा भिक्षुकी करणारे, ते भडकलेच. "आपल्या घरात कांदा शिजत नाही, अन् हा डॉक्टर डुकराचं नाव घेऊन राहिला?" जंताची अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीतूनही पोटात जातात, हे मी दहादा सांगितलं. पण पूजेला बोलावणाऱ्या घरांना हे कोण समजावत बसणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मीच तोड काढली, आधी रक्त तपासू, स्कॅनचं मग बघू.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाबांनी पेढे वाटले, आणि ज्यांना कुणकुण लागली होती त्यांना घरी जाऊन कागद दाखवला. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की, निगेटिव्ह आला तरी आजार नाहीच असं समजू नये. ती ओळ मी हजारदा छापली असेल. त्या दिवशी वाचली नाही. खरं सांगायचं तर मला ती वाचायचीच नव्हती. स्कॅन राहिला. रक्तात काही नाही तर गोळ्या कशाला, म्हणून बाबांनी त्याही थांबवल्या, आणि मी हो म्हटलं.

दोन महिन्यांनी त्याला एकामागून एक झटके येत राहिले. अमरावतीला आणेपर्यंत शुद्ध हरपली होती. तेव्हा स्कॅन झाला. मेंदूत एकच गाठ होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, गाठ एकटी असली की रक्तात बरेचदा सापडत नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

स्कॅनमध्ये काय निघालं ते मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. घरी कुणी आलं की ते तो जुना कागद काढतात. "पोरीनं सोता तपासलं. रक्तात काईच नवतं," म्हणतात. मग सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी मान डोलावते.