डबल स्टँडवरची सहल

लालबागमध्ये मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या अंगाला कुशाबाचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं ते त्याचा मान राखायचा म्हणून. पत्र्याखाली दोन मोटारसायकली उभ्या राहिल्या की तिसरीला गल्लीतच ताटकळावं लागतं. दुपारी मिरची कुटायला घेतली की गिऱ्हाइकं शिंकून शिंकून बेजार होतात. कुशाबा ढिम्म. त्रेसष्ट वर्षं हीच हवा खाल्लेलं नाक आहे ते.

इंजिनं उघडणारे या भागात ढिगानं सापडतील. कुशाबाचं काम वेगळं. तो माणसाला गाडीवर बसवतो. कुणाचा गुडघा ठणकतो, कुणाचं मनगट बधिर होतं, कुणाची कंबर सिग्नलला उभं राहिलं की बोलायला लागते. तेल, मलम, पट्टे सगळं करून झालं की शेजारचं कुणीतरी म्हणतं, "अरे, एकदा कुशाबाला दाखव ना." मग कुशाबा फूटरेस्ट बोटभर मागे घेतो, हँडल जरा जवळ ओढतो, गिअरची दांडी एक दाता खाली उतरवतो, आणि महिन्याभरानं तोच माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहतो. गाड्या बनवणाऱ्यांनी कुठला तरी एकच माणूस मापाला धरलाय, असं कुशाबाचं ठाम मत आहे. तो कधी थकत नाही, जाड होत नाही, पडत नाही. लालबागेत तरी हा गृहस्थ अजून कुणाला भेटलेला नाही.

या मताला जुना राग चिकटलेला आहे. कुशाबाचे वडील गिरणीत मागावर होते. माणूस बुटका, माग उंच. माग खाली येणार नव्हता, म्हणून वडील सत्तावीस वर्षं एका लाकडी फळीवर उभे राहिले आणि शेवटी दुखऱ्या टाचा घेऊन घरी बसले. माणसानं यंत्रापुढे का वाकायचं, हा प्रश्न कुशाबानं तेव्हापासून कुणालाच विचारला नाही. त्यानं सरळ पाना हातात घेतला.

माप घ्यायची त्याची रीत पाहायला मात्र गल्ली गोळा होते. गाडी डबल स्टँडवर चढवायची. माणसाला वर बसवायचं. इंजिन बंद. "डोळे मिटा," कुशाबा म्हणतो, "आणि जायचं कुठं ते सांगा." माणूस सांगतो, आणि खाली पाटावर बसलेला कुशाबा हळू आवाजात रस्ता बोलायला लागतो. हा पूल आला, हा उतार, इथं झाडांची सावली आहे, आता समोरून वारा येतोय. पाचेक मिनिटांत खांदे खाली येतात, मान सैल पडते, आणि पाय आपापली जागा शोधायला लागतात. जिथं थांबतात तिथं कुशाबा खडूनं खूण करतो. उघड्या डोळ्यांनी माणूस गाडीला बरं वाटेल तसा बसतो, असं तो म्हणतो. कित्येकांना उठवावं लागतं. एक बँकेतले साहेब तर डबल स्टँडवरून पार अलिबागपर्यंत जाऊन आले होते.

अशा या कुशाबाकडे परवाच्या गुरुवारी सुनेत्राबाई आल्या. दादरच्या, पंचावन्नच्या आसपास, ऑफिसातून हाफ डे टाकून आलेल्या. गाडी टेम्पोतून आणली होती. ती उतरताना पाहूनच कुशाबा उभा राहिला. शामरावांची गाडी! सहा फुटी शामरावांसाठी दहा वर्षांपूर्वी यानंच ती लावली होती: फूटरेस्ट मागे, हँडल उंच. शामराव, सुनेत्राबाईंचे यजमान, गेल्या दिवाळीत गेले.

"वहिनी, तुम्ही?"

"मला चालवायचीय," सुनेत्राबाई म्हणाल्या. "लायसन्स काढलंय मी, क्लासच्या गाडीवर. पण ही दोनदा पडली माझ्याकडून, सोसायटीच्या आवारातच. पाय ब्रेकवर पोचतच नाही. नील म्हणतो, आई, धूळ खात पडलीय, विकून टाकू. रविवारी माणूस येणार आहे बघायला. शनिवारपर्यंत मी चालवून दाखवली तरच राहील."

"राहील," कुशाबा म्हणाला. मापाआधी शब्द द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्या दिवशी तो नियम कुठं गेला कोण जाणे.

सुनेत्राबाईंनी ओढणी कमरेला खोचली, वर चढल्या, डोळे मिटले. कुठं जायचं? शिवडीला, खाडीवर, फ्लेमिंगो बघायला. लग्नानंतर दर हिवाळ्यात दोघं जायची. कुशाबानं रस्ता धरला. हिंदमाता आलं, परळ आलं, सकाळची वेळ, दुकानं अजून बंद आहेत, कुणीतरी पायरीवर पाणी मारतंय. सुनेत्राबाईंचा चेहरा निवळला. लांबून भरतीचा वास यावा तसा त्यांनी श्वास घेतला.

आणि पाय हलले. कुशाबा खडू घेऊन सरसावला आणि तसाच थांबला. उजवा पाय टाकीवरून अलगद डावीकडे आला. दोन्ही पाय जोडीनं मागे सरकले, डाव्या अंगाच्या लेडीज फूटरेस्टकडे. कंबर वळली. उजवा हात हँडल सोडून वर उठला आणि हवेत, एका उंच माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, जाऊन टेकला.

तिथं खांदा नव्हता. पण हात टेकला होता खरा. गल्लीत कुणी हसलं नाही.

अठ्ठावीस वर्षं बाई साडी सावरत एका अंगानं मागे बसली होती. तिच्या देहाला गाडीवरची तेवढीच एक जागा ठाऊक! आता खूण करायची तरी कुठं? कुशाबा त्याच लयीत म्हणाला, "शिवडी स्टेशन आलं. शामराव इथं उतरले म्हणा. तुम्ही जरा पुढं सरका, वहिनी."

सुनेत्राबाईंचे डोळे खाडकन उघडले. हात खाली पडला.

"त्यांना उतरवू नका हो."

आवाज मोठा नव्हता, पण कुशाबाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. एवढी वर्षं लोकांना रस्त्यानं नेलं, आणि आज नेमका दुसऱ्याच्या माणसाला रस्त्यात सोडून निघालो! "चुकलो," तो म्हणाला. खडू हातात मोडला होता. गाडी विकली जाणार, असं त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

कुटलेल्या मिरचीचा तांबूस धुरळा उन्हात तरंगत होता. मग सुनेत्राबाईंनी आपणच डोळे मिटले.

"थांबा. मीच सांगते त्यांना."

"काय?"

"आज तुम्ही मागे बसा म्हणून."

कुशाबा पाटावर मागे सरकून बसला. हा रस्ता त्याचा नव्हता.

"बसले?" थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं.

"कुरकुरतायत." सुनेत्राबाईंच्या ओठांवर हसू आलं. "सवय नाही ना. पाय कुठं ठेवू विचारतात." मग त्या किंचित पुढे सरकल्या, मागे जागा करून देतात तशा. "हं. बसले."

आणि दोन्ही पाय खाली आले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. तळव्यांनी हवा चाचपली आणि एका जागी ठरले. हात हँडलवर आले. कुशाबानं मोडक्या खडूनं खुणा केल्या आणि पुन्हा रस्ता धरला. त्यांना मधेच कशाला उठवायचं? खाडीवर पोचू दे, मन भरून पक्षी बघू दे, असं त्याच्या मनात आलं. इतका वेळ त्यानं कुणालाच दिला नव्हता.

पुढचा दीड दिवस तो दुसऱ्या कामाला शिवला नाही. पट्टी कापून फूटरेस्ट चार बोटं पुढे आणले. हँडल खाली बसवलं. ब्रेकचं पेडल पायाच्या चवड्याखाली आणलं, क्लच हलका केला, सीटचा फोम तासला. शनिवारी सकाळी सुनेत्राबाई नीलला घेऊन आल्या. गाडी सुरू झाली, गल्लीतून गेली, मोठ्या रस्त्याला लागली. नील बोटं मोडत उभा होता. कुशाबा गाडीच्या आवाजाकडे कान लावून होता, तोही ऐकू येईनासा झाला.

पाऊण तासानं गाडी परत आली. सुनेत्राबाईंचे केस विस्कटले होते आणि चेहरा असा झाला होता की नीलनं काही न विचारता खिशातून फोन काढला आणि रविवारच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवून टाकलं.

"छान बसलीय, कुशाबा," त्या उतरत म्हणाल्या. "फक्त खड्ड्यात मागून फार उडते."

कुशाबानं मागचा शॉकअप चाचपला आणि त्याच्या लक्षात आलं. यालाच तेवढा त्यानं हात लावला नव्हता. मुद्दाम की विसरून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. स्प्रिंग अजून दोन माणसांच्या वजनाला लावलेली होती.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "हा दोघांचा आहे. ठेवू, की एकट्याचा करू?"

सुनेत्राबाईंनी मागच्या सीटवरून हात फिरवला.

"एकट्याचा करा," त्या म्हणाल्या. "यांचं आता वजन कुठं आहे?"