सापडल्यासारखं तोंड

हळदीच्या हंगामात आमच्या हिंगोलीत कुणाचेही हात बघा, कितीही धुतले तरी पिवळेच. शाळेतल्या किश्श्यांचं तसंच आहे. संध्याकाळी जीपमधून उतरताना वाटतं, आजचं सगळं शाळेतच टाकून आले. घरी येऊन चहा ठेवते, तर बोटाला काहीतरी लागलेलं असतंच. आणि सांगायला घरी कुणी नसतं. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी येतो. मुलगा पुण्यात. म्हणून तुम्हाला सांगते.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका गावी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. इतकी वर्षं झालीत की पहिल्या बॅचच्या पोरांची पोरं आता माझ्यासमोर बसून त्याच चुका करतात. बापाचीच चूक, अक्षर फक्त बरं.

*

यंदा वरून 'आठवड्याचे शब्द' नावाचा उपक्रम आला. दर आठवड्याला शब्दांचा एक घोस यायचा. तो शिकवायचा, मुलांकडून वापरून घ्यायचा आणि फोटो अपलोड करायचा. फोटो नसेल तर शिकवलंच नाही, असं धरतात!

एका आठवड्यात आले सर्च, फाइंड, डिस्कव्हर, एक्सप्लोर, इन्व्हेस्टिगेट आणि रिसर्च. समोर मराठी अर्थ दिलेले: शोधणे, शोध लागणे, शोध लावणे, शोध घेणे. अर्थ देणाराही माझ्याइतकाच दमलेला असावा.

फळ्यावर लिहून वळले, तर तिसऱ्या बाकावरची पायल राठोड उभी.

"मॅडम, सगळं शोधच असंल तर एवढे शब्द काहून?"

मी म्हटलं, इंग्रजांना जगभर शोधत फिरायची सवय होती, म्हणून शब्द जास्त.

"आन् सापडलो आमी," म्हणून ती खाली बसली.

पायल बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तांड्यावरून दहावीपर्यंत टिकलेल्या पोरी आमच्याकडे फार थोड्या. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि ही आजीपाशी राहून शाळा करायची. ती आजी यंदा आषाढात गेली. आता दिवाळीनंतर पोरगी राहणार कुठं आणि बोर्डाच्या परीक्षेला बसणार कशी, या विचाराने मला तेव्हापासून चैन नव्हतं. वर्गात शिरले की आधी तिसरं बाक बघायची.

*

सर्च आणि फाइंड यांतला फरक शिकवायचं श्रेय आमच्या हेडसरांना.

दुपारची खिचडी मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी चाखायची असा नियम आहे. हेडसर तो मनापासून पाळतात, वाटीभर पाळतात. एक दिवस चाखून आले आणि चष्मा गायब. दोन तास अख्खी शाळा चष्मा शोधत होती. विज्ञानाचे खिल्लारे सर तर पोरांची दप्तरं उघडायला निघाले. शेवटी खिचडी करणाऱ्या मावशी पदराने चष्मा पुसत आल्या. वाफेनं काचा धुरकटल्या म्हणून सरांनीच तो काढून डाळीच्या डब्यावर ठेवला होता.

आयती संधी होती. वर्गात म्हटलं, करा वाक्य.

पायल म्हणाली, "हेडसर सर्च. मावशी फाइंड."

व्याकरणाच्या नावाने बोंब, पण मी पूर्ण मार्क दिले. दारात उभ्या हेडसरांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, तुमचं कौतुक केलं.

*

एक्सप्लोरसाठी परिसरभेट ठरली. परिसर म्हणजे शाळेमागचा ओढा. निम्मी पोरं रोज तिथंच शेळ्या चारतात, त्यांना तिथं नवीन ते काय दिसणार? खिल्लारे सर मोबाइल घेऊन उभे, पण एकूण एक तोंड कंटाळलेलं, माझ्यासकट. आणि सूचनेत तर स्पष्ट होतं की मुलांच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं पाहिजे.

शेवटी पायलनंच सूत्रं हातात घेतली. "ए पोरांनो, पयल्यांदाच पाहून राहिलो असं तोंड करा."

सगळ्यांचे डोळे मोठे आणि तोंडं उघडी! तो फोटो तालुक्यात पहिला आला आणि हेडसरांना प्रमाणपत्र मिळालं. ओढ्यात त्या दिवशी पाणी नव्हतं, ते फोटोत कळत नाही.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी पायलची आई शाळेत आली. कमलाबाई. ऑफिसात खुर्ची दिली तरी बसली नाही. आम्ही सगळे तिला समजावत होतो. दहावीचं वर्ष आहे, पोरगी हुशार आहे, नेऊ नका. हेडसरांनी शिक्षणाच्या महत्त्वावर चांगलं भाषणच दिलं. जवळचं वसतिगृह भरलेलं होतं, नातेवाईक सगळे तोडीलाच जाणार होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मोठी झाली पोरगी. एकटी कोणाच्या भरोशावर ठेवू?"

खिल्लारे सर टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. हेडसरांना फोन आला. मी खिडकीतून माझी जीप आली का ते पाहिलं. मला त्या बाईचा राग आला होता, आणि तिचं बरोबर आहे हेही कळत होतं. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहून गेली.

सुट्टी संपली तेव्हा तिसरं बाक रिकामं होतं.

*

त्याच आठवड्यात रिसर्चची पाळी आली. आमच्याकडे शिक्षकांनाही वर्षाला एक संशोधन करावं लागतं. खिल्लारे सरांचा विषय होता, 'विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीची कारणे व उपाय'. उपायांमुळे हजेरी लक्षणीय वाढली, असा निष्कर्ष.

मी म्हटलं, सर, तांड्यावरच्या पोरांची निम्मी बाकं रिकामी आहेत. काय वाढलं?

खिल्लारे सर माणूस सरळ. त्यांना खरंच लाज वाटली. उठून हेडसरांकडे गेले, म्हणाले, निष्कर्ष बदलावा लागेल.

हेडसर म्हणाले, "आता कसा बदलता? बाइंडिंग होऊन आलंय."

*

मग शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम निघाली. ॲपमध्ये मुलाचा फोटो टाकला की मूल सापडलं. प्रत्येक शिक्षकाला निदान एक तरी मूल सापडलंच पाहिजे, असं हेडसरांनी बजावलं.

मी उन्हातान्हात फिरले. तांड्यावर कुलपं आणि म्हातारी माणसं. शेवटी रस्त्याकडेला शेळ्यांमागे एक पोरगं दिसलं. मी नाव विचारलं, गाव विचारलं, मोबाइल काढला. ते शहाण्यासारखं उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं.

म्हणालं, "मॅडम, मी कालबी सापडलो होतो."

काल खिल्लारे सरांना, परवा दुसऱ्या शाळेच्या गुरुजींना! पोरगं शेजारच्या गावात सहावीत होतं. ते तिन्ही दिवस त्यांच्या शाळेला सुट्टी होती, कारण त्यांचे सर शोधमोहिमेवर गेले होते.

*

पायलचं नाव ॲपमध्ये लाल रंगात दिसायचं. शोध बाकी. आम्ही धरूनच चाललो होतो की ती कोल्हापूर-सांगलीकडे गेली असणार. मी एकदा वर्गात सहज हळहळले, तर तिच्या मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "ती हट्ट्याजवळच हाय की मॅडम. रोज स्टेटस ठेवती." काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपल्याच जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. एवढ्या दिवसांत पोरांना विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी खिल्लारे सर आणि मी जीप करून गेलो. उसाच्या फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. पायल मोळ्या बांधत होती. हात कापलेले, केसांत पाचट. आम्हाला पाहून ती जागेवरच उभी राहिली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण खिल्लारे सरांनी सवयीनं मोबाइल काढला, आणि मीही सवयीनं तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फोटोत मूल आणि शिक्षक दोघं लागतात.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तोंड कसं करू? सापडल्यासारखं?"

खिल्लारे सरांचा हात खाली आला. मग, नेटवर्क नाही, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी तो पुन्हा वर केला.

एवढ्यात कमलाबाई फडातून आली. कोयता खाली ठेवला. कोपीत गेली आणि पायलचं दप्तर घेऊन बाहेर आली. दप्तरावर कपड्यांचं एक गाठोडं बांधलेलं होतं. ते आत्ता बांधलेलं नव्हतं, गाठीवर धूळ बसली होती.

"मॅडम, हिंगोलीला तुमच्या घरी किती माणसं ऱ्हातेत?"

मी सांगितलं. एरवी मी एकटीच.

तिनं दप्तर माझ्या हातात दिलं.

"मंग फोटो काय काढून राहिलात? लेकरू न्या."