बेसवर टेकवलेली बॅट

नव्या कोऱ्या ग्लोव्हचा वास आला की मला आजही मळमळतं. चामडं आणि प्लॅस्टिकची पिशवी यांचा मिळून येणारा तो वास. ज्याच्या हातात असा ग्लोव्ह दिसतो, त्याने कधी चेंडू झेललेला नसतो आणि पुढेही झेलणार नसतो. जाफराबादच्या शाळेत मी खेळाचा मास्तर म्हणून लागलो आणि नोकरीची निम्मी वर्षं हा वास घेतच काढली.

नव्वदच्या सुमाराला आमच्या शाळेत बेसबॉल आला. खेळाच्या प्रेमाने आला असं कोणी समजू नये. कबड्डीत, खोखोत गर्दी फार. तिथे वर पोचायचं तर खरोखर खेळावं लागतं. बेसबॉल आमच्या भागात कोणालाच येत नव्हता, त्यामुळे टीम उभी केली की निम्मी वाट सर. वरच्या पातळीवर नाव गेलं की परीक्षेत वाढीव मार्क, पुढेमागे नोकरीत खेळाडूंची राखीव जागा. हे कळायचा अवकाश, ज्यांच्या पोरांनी जन्मात धावून घाम काढला नव्हता ते बाप शाळेच्या पायऱ्या झिजवायला लागले. मैदानात नऊ जण खेळतात, बाकीचे बाकावर बसतात, आणि सर्टिफिकेट सगळ्यांना सारखंच. आमचे हेडमास्तर बाकावरच्या या जागा प्रसादासारख्या वाटायचे. एक पुढाऱ्याच्या भाच्याला, एक अडत्याच्या पोराला, एक कोणाच्या तरी साडूच्या मुलाला. चेंडू कोण मारणार, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. मला मात्र तोच एक प्रश्न पडायचा.

अशात तो आला. पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याचा पोरगा. जाफराबादला मावशीकडे राहून शिकायचा. उंच, लांब हातांचा, नववीत होता. पहिल्या दिवशी त्याने बॅट हातात घेतली आणि क्रिकेटच्या सवयीने जमिनीला टेकवून उभा राहिला. मी ती उचलून खांद्याशी धरायला लावली. मग चेंडू टाकले. एकही लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही. बॅट अशी जोरात फिरायची की मागे बसलेल्या कॅचरला वारा लागायचा. पोरांनी लगेच त्याचं नाव पंखा ठेवलं. "सर, गरमी होऊन राह्यली, जरा पंखा लावा," असं म्हणून त्याला बॅटिंगला बोलवायचे.

पण चेंडू मीच टाकत होतो, त्यामुळे समोरून मला एक गोष्ट दिसत होती. बाहेर जाणाऱ्या चेंडूला तो हात लावत नव्हता. खराब चेंडू आला की शांत उभा. चांगला आला की बॅट फिरायची आणि चेंडूच्या जरा वरून जायची. दर वेळी वरूनच, दर वेळी तेवढीच. बाकीची पोरं एकदा वरून चुकत, एकदा खालून, एकदा चेंडू येऊन गेल्यावर फिरवत. जो रोज नव्या तऱ्हेने चुकतो त्याला देवही शिकवू शकत नाही. जो रोज एकच चूक करतो त्याची एकच चूक काढायची असते. मी हेडमास्तरांना म्हणालो, "हा पोरगा हाणणार." ते पान चावत म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच."

चूक डोक्यात होती, म्हणजे खरोखरच मानेच्या वर. चेंडू बॅटपाशी यायच्या आधीच तो मान वर करून लांब बघायचा, जणू सिक्सर गेलाच आहे. मान उचलली की खांदा उचलायचा, खांद्याबरोबर बॅट. मग मी चेंडूच बंद केले. जूनमध्ये शाळेमागच्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असायचा. मी निंबोळी वर फेकायचो आणि त्याने ती वेताच्या काठीने मारायची. निंबोळी एवढीशी, मान उचलली की दिसतच नाही. आठवडे गेले. तो कंटाळून म्हणायचा, "सर, न्हाई जमून राह्यलं. मला दुसरं कायतरी द्या न." मी दुसरी निंबोळी फेकायचो. नागपंचमीच्या आसपास एक दिवस काठीचा बारीक आवाज झाला, निंबोळी फुटली आणि तिचा चिकट रस माझ्या चष्म्यावर आला. चष्मा पुसताना मला रडू येतंय की काय असं वाटलं. आनंद झाला होता, दुसरं काय.

जिल्ह्याच्या स्पर्धा जालन्याला होत्या. अंबडच्या एका शाळेशी आमची मॅच. शेवटची पाळी आली तेव्हा आम्ही एका रनने मागे होतो. आमचे दोघे बाद झालेले, एक पोरगा तिसऱ्या बेसवर उभा, आणि बॅटिंगला पंखा. तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचला की तिसऱ्या बेसवरचा घरी येणार आणि मॅच बरोबरीत येणार. हेडमास्तर मागून ओरडले, "अरे, याला कोणी पाठवलं?" बाकावरचा पुढाऱ्याचा भाचा समोसा खात होता. त्याने ग्लोव्हवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलं होतं, म्हणजे तेल लागलं तरी पुसता येतं.

पहिला चेंडू बाहेर, त्याने सोडला. दुसरा आला आणि मी त्याची मान बघितली. मान खालीच होती. चेंडू जमिनीला घासत फिल्डरच्या पायांतून निघून गेला. सगळी पोरं उठून ओरडली. तो पळत सुटला, पण बॅट त्याच्या हातातच होती. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि मोकळ्या हातांनी पळायचं असतं. चेंडू पोचायच्या आधी बेसला पाय लागावा लागतो. पण हा पोरगा जन्मभर गावच्या खळ्यात टेनिस बॉलवर क्रिकेट खेळलेला. मागच्या फिल्डरने फेकलेला चेंडू येताना दिसला तसा तो वाकला, हात लांब केला आणि क्रिझमध्ये टेकवावी तशी बॅट बेसवर टेकवली. स्वतः मात्र दोन पावलं मागेच राहिला. चेंडू बेसवाल्याच्या ग्लोव्हमध्ये आला. तो बाद, मॅच संपली.

तरीही तो दोन्ही हात वर करून हसत उभा होता. त्याला वाटलं, पोचलो. अंबडची पोरं जमिनीवर लोळून हसत होती आणि आपण का हरलो हे त्याला कळायला बराच वेळ लागला. मग जवळ येऊन तो मला म्हणाला, "सर, बॅट तर बराबर टेकली होती." हेडमास्तर बोलले. सगळ्यांसमोर बोलले, "शेतातून उचलून आणलंय याला. शेतातच बरा." या माणसाने स्वतः आयुष्यात एकदाही बॅट धरली नव्हती. त्याच्या तोंडाला येणारा पानाचा वास, त्याचं ते तुच्छतेने थुंकणं, सगळं मला अजून आठवतं. किळस हा शब्द मी त्या दिवसापासून नीट वापरतो.

पुढच्या वर्षी टीम ठरवताना त्यांनी त्याचं नाव गाळलं आणि त्या जागी अडत्याचा मुलगा आला. तो मला विचारत होता, ग्लोव्ह कोणत्या हातात घालायचा. मी हेडमास्तरांना सांगितलं, पंखा नसेल तर मी टीम घेऊन जात नाही, तुम्ही जा. त्यांना तर आऊट किती झाले की पाळी बदलते हेही ठाऊक नव्हतं. नाव परत आलं.

मग मी होम प्लेटजवळ बारदानाचा एक तुकडा टाकला. चेंडू मारायचा आणि बॅट त्या बारदानावर टाकून पळायचं. नाही टाकली तर परत मार. तो इतक्या वेळा पळाला की मैदानात त्याची पाऊलवाट पडली. दसऱ्याच्या आधी एक दिवस त्याने असा चेंडू मारला की तो कुंपण ओलांडून शेजारच्या जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गंजीत जाऊन पडला. बॅट बारदानावर होती. तोच चेंडू शोधायला गेला आणि केसाला, भुवयांना कापूस चिकटलेला, म्हाताऱ्यासारखा पांढरा होऊन परत आला. "सर, लय खोल गेल्ता," म्हणाला आणि हसला. त्या वर्षी त्याला पंखा म्हणायचं सगळ्यांनी बंद केलं. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्याच्या संघात त्याने मनसोक्त हाणलं. चाचपडणारा पोरगा मारणारा होऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. होतो. त्याच्यामागे कोणीतरी निंबोळ्या फेकत बसावं लागतं, एवढंच.

हेडमास्तरांनी त्याचा सत्कार केला आणि भाषणात सांगितलं, हा हिरा मीच पारखला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

काही वर्षांनी खेळाडूंच्या जागेवर तो आमच्याच गावातल्या कचेरीत कारकून म्हणून लागला. पेढे घेऊन घरी आला. मी म्हणालो, "आता रविवारी मैदानावर येत जा. पोरांना तू शिकवलंस तर त्यांना पटेल." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही खुळ्यासारखं बोललो. "सर, आता काय करायचं खेळून? ज्याच्यासाठी खेळलो ते तर झालं न." पेढा माझ्या तोंडात होता. थुंकता येईना, गिळवेना. गरज सरो, वैद्य मरो, असं माझी बायको आतून म्हणाली. वैद्य मेला त्याचं मला काही वाटलं नाही. बॅट मेली त्याचं वाटलं. असे हात परत माझ्याकडे आले नाहीत.

मग दोन हजारच्या पुढची बरीच वर्षं गेली. जुने हेडमास्तर रिटायर झाले, नवे आले, मुलींचीही टीम झाली, ग्लोव्हचा वास तोच राहिला. एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला मोटरसायकल थांबली. पोट सुटलेला, कलप लावलेला, तोच. मागे त्याची मुलगी, आठवीतली. आमच्याच शाळेत होती, पण मैदानावर कधी आली नव्हती.

"सर, पोरीचं नाव टीममदी टाका," तो म्हणाला. "आतापासून चालू ठेवलं मंग दहावीला बराबर होतं."

"खेळते का?"

"न्हाई हो. खेळायचं कशाला? नाव तेवढं राहू द्या. तुमी आपलेच आहात."

मला त्या क्षणी त्याच्या कलपाचीसुद्धा शिसारी आली. बाकावरचा तो समोसेवाला भाचा परवडला, त्याला निदान काही ठाऊक नव्हतं. मी मुलीच्या हातात बॅट दिली. तिने ती खांद्याशी धरली, जमिनीला टेकवली नाही. कोणी शिकवलं होतं देव जाणे. मी चेंडू टाकला. बॅट वरून गेली. पुन्हा टाकला, पुन्हा वरून, तेवढीच. मी तिची मान बघितली. आधीच वर उचललेली, लांब जिनिंगच्या कुंपणाकडे बघणारी.

मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो मोटरसायकलच्या आरशात भांग नीट करत होता.

"बघितलं न सर," तो म्हणाला, "तिला न्हाई जमायचं."

"रोज पाठव हिला," मी म्हणालो. "नाव टाकतो. पण खेळायला पाठवायचं."

"सर, अजून एक टाका न," मुलगी म्हणाली.

मी टाकला. बॅटच्या कडेला टक् झालं आणि चेंडू मागे उडाला. "लागला! पप्पा, लागला!" ती ओरडली. त्याने गाडीला किक मारली होती. म्हणाला, "सर, रोज न्हाई जमणार, क्लास असतो. मंग मी दुसरीकडं बघतो." जाताना ती मागे तोंड करून बसली होती.

त्याने बघितलंच. दिवाळीआधी तिला गावातल्या दुसऱ्या शाळेत घातलं. पुढच्या हंगामात जालन्याच्या मैदानावर त्या शाळेच्या मुलींची टीम होती आणि बाकाच्या टोकाला ती बसली होती. मांडीवर ग्लोव्ह, त्यावर प्लॅस्टिक. मी समोरून चाललो होतो तशी उठली. मला वाटलं पाया पडते की काय. तिने हळूच विचारलं, "सर, मला आज बॅटिंग मिळंल का?"

तिच्या शाळेचे मास्तर मागून म्हणाले, "बस खाली. तुझं नाव आहे की. अजून काय पाहिजे?"

ती बसली. मॅच संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि चेंडू हवेत गेला की दर वेळी तिची मान वर होत होती.