मडमेची डबी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण दारात आलं की ती घटना मला आजही आठवते.

तेव्हा मी पिंपरी-चिंचवडच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. रावेतमधल्या एका सोसायटीतून चोरीची तक्रार आली. तक्रारदाराचा चाकणला छोटा कारखाना होता आणि इंग्रजांच्या काळातली चांदीची भांडी जमवायचा नाद होता. काचेच्या कपाटात किटल्या, साखरेचे चिमटे, टोस्ट उभे ठेवायचा स्टँड, बुटाची बटणं लावायचे आकडे असं काय काय मांडलेलं. पंचनामा करताना खरं सांगतो, माझ्याही पोटात जरा दुखलं. आमच्या घरी चांदी म्हणजे देवघरातलं निरांजन, तेही सासऱ्यांनी दिलेलं.

एवढ्या चांदीतून गेली होती फक्त एक डबी, काडेपेटीपेक्षा लहान. झाकणावर किल्ला कोरलेला, आत सोन्याचा मुलामा आणि नाजूक जाळी. जाळीखाली सुगंधी बोळा ठेवायचा आणि रस्त्यात घाण वास आला की मडमांनी ती नाकाशी धरायची, असं तक्रारदारानं मोठ्या कौतुकानं सांगितलं.

संशय त्यानं घरकामाच्या बाईवर घेतला. बाई परभणीकडची. महिला हवालदारानं जबाब घेतला, घराची झडती झाली, काही निघालं नाही. पण आमचा तपास पुरा होण्याआधीच सोसायटीनं तिचा निकाल लावला होता.

"गेटवरूनच नाव काढलंय माजं, साहेब," ती म्हणाली. "चारी घरची कामं गेली. आता कुठल्या दारात उभी राहू?"

मला ती चोर वाटत नव्हती. चोर वजन बघतो. हाताशी किटली असताना कोणी डबी उचलत नाही. हे काम चांदीच्या नव्हे, त्या डबीच्याच मागे असलेल्या माणसाचं होतं. त्या आठवड्यात घरी कोण कोण आलं होतं विचारलं, तर एकच नाव पुढे आलं. तक्रारदाराचा जुना मित्र. दोघं एकाच कंपनीत शिकाऊ म्हणून लागलेले, नंतर दोघांनी चाकणलाच आपापले कारखाने काढलेले, आणि नादही एकच.

मित्राला चौकशीला बोलावलं. चहा घेऊन तो शांतपणे बोलत राहिला. डबीचा विषय निघाला तसा त्याचा आवाज बदलला. जुन्या बाजारात ती पहिल्यांदा त्यानंच पाहिली होती. भाव पडावा म्हणून नको म्हणत एक फेरी मारून आला, तोवर मागून आलेल्या तक्रारदारानं घासाघीस न करता ती घेऊन टाकली होती. तेव्हापासून तक्रारदार त्याला दर रविवारी फोन करायचा, "ये राव, तुझी डबी बघायला." थट्टाच ती, पण सारखं मीठ चोळलं तर जखम भरणार कशी? एवढं सांगून शेवटी म्हणाला, तशी फार खास नव्हती ती. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे मी ओळखलं. पण ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे, त्याला जाऊ दिलं.

खबर आली ती खबऱ्याकडून नाही. संक्रांत उलटल्यावर एका दुपारी तक्रारदाराची बायको ठाण्यात आली. ठेवणीतली साडी, हातात वाण म्हणून मिळालेली गाळणी. गाळणी तिनं टेबलावर ठेवली. मग कपाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब, हे कुंकू आमच्याच डबीतलं आहे. ह्यांच्या मित्राकडे हळदीकुंकवाला गेले होते. पण त्याच्या बायकोला काही ठाऊक नाही हो. आणि त्या कामवालीला मीच दरडावलं होतं."

पंचांना घेऊन साध्या वेशात आम्ही मित्राच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं आधी तिळगूळ दिला. तबकात हळदीचा करंडा आणि शेजारी ती डबी, कुंकवानं भरलेली. नवऱ्याचं चांदीचं वेड तिला कधीच आवडलं नव्हतं. "चांदी कसली, सवत आहे ती," असं ती म्हणायची. त्या कपाटांकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. डबीचं विचारल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. "ह्यांनी आणलीय. शर्टांच्या मागे लपवली होती. मला द्यायचीच असणार, मीच आधी काढली."

तेवढ्यात नवरा चाकणहून आला. तबक पाहून दारातच थांबला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "ती माझीच होती, साहेब. आधी मी हातात घेतली होती." हे तो मान ताठ ठेवून म्हणाला.

बायकोला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझ्यासाठी नव्हती?"

तेव्हा त्याची मान खाली गेली.

कुंकू सांडू नये म्हणून तिनं ते जुन्या स्टीलच्या करंड्यात ओतलं, डबी पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी ती मुद्देमाल म्हणून जप्त केली.

पुढे कोर्टात दोघांची तडजोड झाली. बाईचं नाव गेटवर परत लागलं. तक्रारदाराच्या बायकोनं तिला दोनदा बोलावलं, पण ती त्या घरी पुन्हा गेली नाही. नोकरीत मी रागानं आणि हावेनं केलेले गुन्हे पुष्कळ पाहिले. मत्सर मात्र वेगळा. ज्याचा करावा त्याला तो लागतच नाही, शेजारी उभ्या असलेल्याला लागतो. तक्रारदाराला त्याची डबी मिळाली. जाळीत लाल रंग राहिलाय, काही केल्या निघत नाही, अशी तक्रार घेऊन तो एकदा ठाण्यात आला होता. मी त्याला सांगितलं, राहू द्या तसाच.