ताणाचा हार्मोन आणि सांगोल्याचा बोकड

माझी प्रकृती ठणठणीत आहे, आणि त्यामुळेच मी संकटात सापडलो. सोलापुरातल्या एका डॉक्टरांना प्रयोगासाठी निरोगी माणसं हवी होती. महिनाभर रोज ध्यान केलं तर रक्तातला ताणाचा हार्मोन उतरतो का, हे त्यांना बघायचं होतं. आमच्या कॉलेजातल्या सगळ्यांना बीपी तरी होतं नाहीतर शुगर. (माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.) मी पहिलं रक्त देऊन आलो.

बायकोला मात्र संशय. सुरेखा शेंगाचटणी करून विकते आणि लसूण सोलायचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे.

"बरं लसणाच्या वेळेलाच ध्यान लागतंय तुमाला?"

"रिपोर्ट येऊ दे," मी म्हणालो. "हार्मोन उतरला तर संध्याकाळ माझी. नाही उतरला तर जन्मभर लसूण सोलीन." बोलून बसलो!

दुसरं रक्त द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून बसलो. डोळे उघडायचे नाहीत आणि बोलायचं नाही, असा नियम होता. सुरेखा गिरणीत गेली होती. तेवढ्यात दारात वहाणा करकरल्या. सासरे सांगोल्याहून न कळवता आले होते.

"राम राम, जावईबापू."

मी गप्प.

"वाईच पानी मिळंल का?"

मी श्वासाकडे लक्ष दिलं. (नियम म्हणजे नियम.)

"भितीकडं तोंड करून बसलाय. रुसलाय व्हय?"

जावई रुसला म्हणजे सासऱ्याच्या अब्रूचा प्रश्न. सुरेखा आल्या आल्या त्यांनी विचारलं, "किती दिस झालं ह्यास्नी असं?"

"म्हैना झाला की. रोजच बसत्यात." तिने पिठाचा डबा ठेवला.

"आन् बोलत न्हाईत?"

"हाक मारली तरी हूं न्हाय की चूं न्हाय." एवढं सांगून ती चहा टाकायला आत गेली. 'ध्यान' हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

सासरे माझ्याशेजारी टेकले. "पोरीचं चुकलं आसंल तर पदरात घ्या. घड्याळ करतो तुमाला."

श्वास आत.

"डाळिंबाच्या पेट्या धाडतो."

श्वास बाहेर.

"बरं, कळपातला मोठा बोकड देतो."

इथे माझा श्वास कुठे होता ते आठवत नाही. डोळे उघडावेत तर प्रयोग बुडतो, न उघडावेत तर म्हातारा रडकुंडीला येतो. आणि खरं सांगतो, बोकडाच्या पुढे काय येतंय याचीही उत्सुकता होती! आला तो त्यांचा फेटा. माझ्या पायांवर.

मी ताडकन उठलो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, काय करताय हे? मी रुसलो नाही. ताण कमी व्हावा म्हणून ध्यान करतोय."

सासऱ्यांनी फेटा उचलून झटकला. "म्हंजी रुसवा न्हाय, ताण हाय. कशाचा?"

सुरेखा कपबशा घेऊन दारात उभी होती. "सांगा की. मला बी ऐकायचंय."

मी घाईने कप उचलला आणि जीभ भाजून घेतली.

सकाळी रक्त दिलं. हार्मोन आधीपेक्षा वाढलेला निघाला. डॉक्टर चक्रावले. "काल काही विशेष घडलं का?" मी नाही म्हणालो.

आता रोज संध्याकाळी मी त्याच चटईवर, त्याच भिंतीकडे तोंड करून बसतो, पुढ्यात लसणाची परडी घेऊन. सांगोल्याहून फोन येतो. "जावईबापू बोलत्यात न्हवं?"

"बोलत्यात की," सुरेखा सांगते. "डोळं बी उघडं असत्यात."

बोकडाचं काय झालं, हे विचारायचं रोज अगदी जिभेवर येतं. मग मी श्वासाकडे लक्ष देतो.