जुनं व्हर्जन

नांदेडला मी प्रिंटर दुरुस्तीला नेला, तेव्हा एक गृहस्थ दुकानात आधीच बसलेले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. मुखेडला त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. पुण्याला नोकरी करणारी मुलगी तिथूनच त्यांच्या लॅपटॉपवर पत्रिकांची मांडणी करून द्यायची. दुरून लॅपटॉप चालवायच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन तिने दिवाळीत टाकलं होतं, आणि यांना जुनं परत हवं होतं.

"काका, नवं लई फास्ट हाय," दुकानदार म्हणाला. "जुन्यात दर खेपेला पडद्यावरचा आकडा पोरीला सांगावा लागायचा. आता पासवर्ड कायमचा. विचारायचं कामच न्हाई."

"तेच तर," ते हळूच म्हणाले. "आकड्यासाठी पोरगी फोन करायची. आता येती, काम करून जाती, मला पत्ता बी लागत न्हाई."

दुकानदाराने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग त्याने व्हर्जन नवंच ठेवलं, पण कायमचा पासवर्ड काढून टाकला.

एक पत्रिका दुपारपर्यंत द्यायची होती, त्यामुळे थोड्याच वेळात मुलीचा फोन आला. "बाबा, आत जाता येईना. आकडा दिसतोय का तिथं?"

"हाव, दिसतोय की." त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरचे पहिले दोन आकडे सांगितले. मग थांबून विचारलं, "तिकडं पाऊस हाय का गं?"

उरलेले चार आकडे सांगायला त्यांना बराच वेळ लागला.