मैफल घरी आणताना

आईला आता जिना उतरवत नाही, म्हणून काल सकाळची मैफल मी तिच्यासाठी मोबाईलवर टिपून आणली. मैफलीत गायिकाबाईंनी जी बंदिश गायली, तीच त्यांच्या आवाजात आमच्या घरी रेकॉर्डवर आहे. आईला ती श्वासांसकट पाठ आहे. पण रेकॉर्डमध्ये बाई वरच्या 'सा'ला नुसत्या शिवून येतात. काल तिथे पोचल्या आणि थांबल्याच. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं.

घरी येऊन मोठ्या ऐटीत मी मोबाईल लावला. तो सूर आला, आणि त्याच्यावर माझंच "वाऽऽ! क्या बात है!" मोबाईल आपल्याच खिशात आहे, हे दाद देताना कुणाला सुचतं?

"बाई कधी गातात रे?" आईनं विचारलं.

"माझ्या आवाजाखाली आहेत."

पोटभर हसून झाल्यावर ती म्हणाली, "बरं, तू सांग. कसा लावला 'सा'?"

रेकॉर्ड हवी तेव्हा पुन्हा लावता येते. जे पुन्हा लावता येत नाही, ते घरच्यांना वाढायचं तरी कसं? मी घसा खाकरला, पण गाण्याची हिंमत झाली नाही. हात तेवढा वर गेला आणि हवेतच थांबला.

आई कितीतरी वेळ त्या हाताकडे कान लावून बसली होती.